शोध लागल्यानंतरची वीस वर्षं



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे अनेक विद्यार्थी आज समोर बसलेले दिसतात. विज्ञान, आरोग्य आणि पर्यावरण या क्षेत्रांतल्या अलीकडच्या संशोधनावर बोला, अशी सूचना संयोजकांनी केली होती. तासाभरात तिन्ही क्षेत्रांचा आढावा घ्यायचा म्हटलं, तर शोधांची यादी वाचून दाखवण्यापलीकडे काही होत नाही. ऐकताना बरं वाटतं, पण घरी पोचेपर्यंत त्यातलं काही लक्षात राहत नाही. म्हणून मी एकच प्रकरण निवडलं आहे. त्याची सुरुवात गुरांच्या इंजेक्शनात होते, मधला भाग पक्ष्यांच्या मूत्रपिंडात घडतो आणि शेवट माणसांच्या मृत्यूच्या नोंदींपाशी येतो. हे प्रकरण गिधाडांचं आहे.

एखाद्या शोधाची बातमी आली की आपण समजतो, चला, प्रश्न सुटला. गिधाडांच्या बाबतीत कारण सापडलं ते २००३ साली. त्या कारणाचा बंदोबस्त करायला पुढची वीस वर्षं लागली, आणि तो अजून पुरता झालेला नाही. शोध लागणं आणि तो औषधाच्या दुकानापर्यंत पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामाचं कौतुक होतं, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. आज मी दोन्ही कामांबद्दल बोलणार आहे.

आधी काय होतं ते सांगतो. भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांतल्या तीन जातींचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं गिधाड आणि उत्तर व ईशान्य भारतातलं सडपातळ चोचीचं गिधाड. यांतलं पांढऱ्या पाठीचं गिधाड १९८० च्या दशकात जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये बहुधा सर्वाधिक संख्येचं समजलं जाई. कोकणात ते उंच झाडांवर घरटी करायचं. लांब चोचीचं गिधाड सह्याद्रीच्या कड्यांमधल्या कपारींत राहायचं. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेरच्या माळावर किंवा शहराच्या कत्तलखान्यावर घिरट्या घालणारे थवे त्यांना आठवतील.

एवढे पक्षी पोसले जात होते ते आपल्या गुराढोरांवर. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे, त्यात गाई-म्हशीच ३० कोटींच्या घरात. यांतली कित्येक जनावरं वयानं किंवा आजारानं मरतात. मेलेलं ढोर गावाबाहेर न्यायचं, कातडं सोलून घ्यायचं आणि बाकीचं उघड्यावर टाकायचं, ही रीत होती. या रीतीचे गोडवे गायचं कारण नाही. ढोर ओढण्याचं काम जातीनं लादलेलं होतं, आणि ते सोडून द्या, मेलेल्या जनावराचं मांस खाणंही सोडा, असं आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाडला झालं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण ढोर माळावर पडल्यानंतरचं काम पक्ष्यांचं होतं. गिधाडांचा मोठा थवा उतरला की तासाभराच्या आत हाडं तेवढी उरत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल कमालीचं तीव्र असतं. सडक्या मांसातले, आपल्याला आडवे पाडतील असे बरेचसे जंतू त्यात टिकत नाहीत. गिधाड मेलेल्या जनावराबरोबर रोगाचा साठाही संपवतं. या कामाबद्दल त्याला कुणी पगार देत नव्हतं, म्हणून सरकारदरबारी त्याची नोंदही नव्हती.

आता भरतपूरला जाऊ. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. ही संस्था आपल्या मुंबईची, १८८३ साली स्थापन झालेली. १९८७-८८ च्या हंगामात त्यांना तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मिळाली होती. दहाएक वर्षांनी, १९९६-९७ मध्ये पुन्हा मोजणी केली तेव्हा घरटी निम्म्याहून कमी भरली. मेलेली गिधाडं झाडांवर लटकलेली, झुडपांत पडलेली सापडत होती. जिवंत गिधाडं मान खाली टाकून सुस्त बसून राहायची. आणखी दोन-तीन हंगामांत तिथली वीण जवळपास बंदच झाली. डॉ. प्रकाश यांनी १९९९ साली संस्थेच्या नियतकालिकात ही घसरण मांडली.

या मांडणीतला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्याकडे जुनी मोजदाद होती. १९८७ साली घरटी मोजली गेली, तेव्हा गिधाडांना कसलाही धोका आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. कामाला लगेच उपयोग नसलेली ती आकडेमोड नसती, तर १९९७ साली फक्त ‘पूर्वी जास्त दिसायची’ एवढंच म्हणता आलं असतं. पुढे संस्थेनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवरून गाडीनं जाऊन शिकारी पक्षी मोजले होते, त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी केली. घसरण भरतपूरपुरती नव्हती, देशभर होती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. उरलेल्या दोन जातींची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांपैकी एक उरलं, असा याचा अर्थ. इतक्या मोठ्या संख्येचा पक्षी इतक्या झटपट नाहीसा झाल्याची उदाहरणं पक्षिशास्त्रात फार कमी आहेत.

कारण काय असावं? पहिला संशय साथीच्या रोगावर गेला, आणि तो गैर नव्हता. पक्षी एकामागून एक मरत होते, मान टाकत होते, घसरण एका भागातून दुसऱ्या भागात पसरल्यासारखी दिसत होती. एखादा नवा विषाणू असेल, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटे. काहींनी कीटकनाशकांकडे बोट दाखवलं. डीडीटीनं पूर्वी पाश्चात्त्य देशांतले ससाणे आणि गरुड संपवत आणले होते, तेव्हा हीही शंका रास्त होती. कुणी म्हणालं, अन्न कमी झालं. पण गुरं तर होती तशीच होती, आणि माळावरची ढोरं आता तशीच सडत पडत होती. तेव्हा उपासमारीचा मुद्दा फार काळ टिकला नाही.

उत्तर सापडलं ते सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या पंजाबात. तिथे २००० सालापासून पेरेग्रीन फंड या अमेरिकी संस्थेचा एक गट गिधाडांच्या वसाहतींवर नजर ठेवून होता. या गटात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स होते. त्यांनी केलेलं शवविच्छेदन आपण जरा जवळून पाहू.

मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं की आत काय दिसायचं? यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, मूत्रपिंडांवर पांढरा खडूसारखा थर. हा थर युरिक ॲसिडचा. आपण शरीरातला नत्राचा कचरा युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर टाकतो. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंड बंद पडलं की युरिक ॲसिड रक्तात साचतं आणि पुढे अवयवांवर त्याचे स्फटिक जमा होतात. वैद्यकीय भाषेत याला अवयवांचा गाऊट म्हणतात. तपासलेल्या २५९ मृत मोठ्या गिधाडांपैकी २१९ गिधाडांमध्ये हा थर सापडला. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली होती. साथीच्या रोगाचा तपास आता विषाच्या तपासात बदलला.

मग एकेक शंका तपासून बाद करण्यात आली. विषाणू सापडले नाहीत, जिवाणू सापडले नाहीत. शिसं, पारा, कॅडमियम, कीटकनाशकं यांतलं काहीही हा मृत्यू समजावून सांगेल इतक्या प्रमाणात मिळालं नाही. तेव्हा या गटानं प्रश्न फिरवला. गिधाड काय खातं? ढोरं. मग ढोरांच्या पोटात आपण काय घालतो? जनावरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे जाऊन माहिती गोळा करण्यात आली. मूत्रपिंडाला घातक, पोटातून शरीरात शोषलं जाणारं आणि अलीकडेच बाजारात आलेलं असं औषध कोणतं? या तिन्ही कसोट्यांना एकच औषध उतरलं, डायक्लोफेनॅक. आपल्यापैकी अनेकांनी गुडघेदुखीवर किंवा पाठदुखीवर घेतलेलं, नेहमीचं वेदनाशामक.

मग सिद्धता. गाऊट झालेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, तर २५ च्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक मिळालं. इतर कारणांनी मेलेली १३ गिधाडं तपासली, त्यांतल्या एकातही मिळालं नाही. त्यानंतर औषध दिलेल्या म्हशीचं आणि बकरीचं मांस पाळीव स्थितीतल्या गिधाडांना खायला घातलं. त्यांतली बरीचशी मेली, आणि मेलेल्यांच्या अवयवांवर तोच पांढरा थर मिळाला. २००३ च्या मे महिन्यात बुडापेस्टला शिकारी पक्ष्यांवरच्या जागतिक परिषदेत हा निष्कर्ष जाहीर झाला आणि २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लिंडसे ओक्स २०११ साली, वयाच्या अवघ्या पन्नाशीत गेले. एका औषधामुळे एका उपखंडातले पक्षी संपताहेत, हे इतक्या निःसंदिग्धपणे दाखवणारं दुसरं संशोधन शोधूनच काढावं लागेल.

इथे एक रास्त शंका निघते. सगळ्याच गुरांना काही हे औषध दिलं जात नव्हतं. मग ९९ टक्के पक्षी मेले कसे? याचं उत्तर गणितानं दिलं. गिधाडं एकेकट्यानं जेवत नाहीत. एका ढोरावर पन्नास, शंभर गिधाडं उतरतात. एखादं ढोर औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेलेलं असलं, की अख्खा थवा विषारी मांस खातो. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू विणीला यायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे मेलेल्यांची भरपाई फार सावकाश होते. रिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की शंभरात एकाहूनही कमी ढोरांत प्राणघातक प्रमाणात औषध असेल, तरी प्रत्यक्षात झाली तेवढी घसरण होते. भारतात २००४-०५ मध्ये १,८४८ ढोरांचे नमुने तपासले, त्यांतल्या दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक मिळालं. शंभरात एकही पुष्कळ झालं असतं, इथे दहा होते.

आता शेतकऱ्याकडे बघू, कारण या गोष्टीत त्याला खलनायक करणं फार सोपं आहे. बैल लंगडतो, गाईला कासदाह होतो, म्हैस तापानं फणफणते, दूध आटतं. गुरांचा डॉक्टर येतो, सुई टोचतो, संध्याकाळपर्यंत जनावर उठून चारा खायला लागतं. औषध स्वस्त, गुण तात्काळ. जनावराची वेदना थांबवणं हे पापही नव्हे आणि निष्काळजीपणाही नव्हे. दोष त्या परवाना पद्धतीत होता, जिनं औषध देण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला नाही, की हे जनावर मेल्यावर त्याला कोण खाणार आहे? माणूस खाणार असेल तर औषधाचा अंश किती दिवस राहतो, याचे नियम असतात. पक्षी खाणार असेल, तर तसा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता.

कारण कळल्यावर पुढचा प्रश्न होता पर्यायाचा. औषध काढून घ्यायचं, तर त्याच्या जागी दुसरं हवं, नाहीतर बंदी कागदावरच राहते. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठातले गेरी स्वान, विनी नायडू आणि त्यांच्या भारतीय व ब्रिटिश सहकाऱ्यांनी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर आणि मग आपल्या गिधाडांवर तपासलं. ते सुरक्षित निघालं. २००६ साली हे काम प्रसिद्ध झालं. गिधाडांवर औषधं तपासताना आणखी एक धडा मिळाला. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला डायक्लोफेनॅकचे कितीतरी पटींनी मोठे डोस देऊनही ते मेलं नाही. म्हणजे नावानं दोघंही गिधाडंच, पण एका खंडातल्या पक्ष्यावर तपासलेलं औषध दुसऱ्या खंडातल्या पक्ष्याला सुरक्षित असेलच असं नाही.

मे २००६ मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवणं थांबवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी नेपाळ आणि पाकिस्ताननंही पाऊल उचललं. २००८ साली आपल्याकडची बंदी आणखी कडक करण्यात आली. शोध ते बंदी, तीन वर्षं. सरकारी कामकाजाच्या मानानं हा वेग चांगला म्हणावा लागेल. खरी अडचण पुढे आली.

माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी नव्हती, असायचं कारणही नव्हतं. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटरचं इंजेक्शन पुरतं. पण बाजारात ३० मिलिलिटरच्या कुप्या मिळत होत्या. एका माणसाला इतकं औषध लागत नाही, गाईम्हशीला मात्र बरोबर लागतं. कुपीवर लिहिलेलं ‘माणसांसाठी’, टोचलेली गाईला. २००७ ते २०१० या काळात देशातल्या अकरा राज्यांत अडीचशेहून अधिक औषध दुकानांची पाहणी झाली. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दुकानांत जनावरासाठी म्हणून डायक्लोफेनॅक मिळालं. मोठ्या कुप्यांवर बंदी यायला २०१५ साल उजाडलं. त्या बंदीला औषध कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिलं आणि मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ साली बंदी कायम केली.

तोवर दुकानांत दुसरी औषधं येऊन बसली होती. ॲसिक्लोफेनॅक हे औषध जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. हे रसायनशास्त्र कुणालाही तपासता येण्याजोगं होतं. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालं होतं. बांगलादेशनं २०२१ साली किटोप्रोफेनवर बंदी घातली. भारतानं २०२३ साली या दोन्ही औषधांचा जनावरांसाठीचा वापर बंद केला. त्यानंतर निमेसुलाइडची पाळी आली. एक औषध बंद करायचं, पाच-दहा वर्षं पक्षी मरू द्यायचे, मग पुढचं औषध बंद करायचं, अशी ही चाल आहे. विज्ञान दर वेळी वेळेवर सांगत होतं. ऐकणारे उशिरा ऐकत होते. युरोपनंही यातून फारसा धडा घेतला नाही. युरोपातली सर्वाधिक गिधाडं स्पेनमध्ये आहेत, आणि भारतातला अनुभव जगापुढे असताना स्पेननं २०१३ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली.

आता माणसांच्या आरोग्याकडे येतो. गिधाडं गेल्यावर ढोरांचं काय झालं? ती पडून राहिली, कुजली, ओढ्यात आणि विहिरींच्या पाणलोटात झिरपली. मोकाट कुत्र्यांना अन्नाचा नवा साठा मिळाला. गिधाडाच्या जठरात जंतू मरतात, कुत्र्याच्या जठरात तितके मरत नाहीत. शिवाय कुत्रं चावतं, गिधाड चावत नाही. २००८ साली अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात कुत्र्यांची वाढ, त्यांचे चावे आणि रेबीज यांचा हिशेब मांडला. १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या अभावामुळे रेबीजनं सुमारे ४७ हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, हे लक्षात घेतलं तर हा आकडा अविश्वसनीय वाटत नाही.

गेल्या काही वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं काम २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आलं. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन यांचं हे काम. त्यांची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण आकडा ऐकून पद्धत विसरणं हीच आपली सवय आहे. देशातल्या काही जिल्ह्यांत पूर्वीपासून गिधाडं भरपूर होती, काहींत नैसर्गिकरीत्याच कमी. १९९४ च्या सुमारास डायक्लोफेनॅकचं पेटंट संपलं आणि त्याची स्वस्त उत्पादनं बाजारात आली. त्याआधी या दोन प्रकारच्या जिल्ह्यांतले मृत्युदर साधारण सारख्या वळणानं चालले होते. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वर गेला, उरलेल्या जिल्ह्यांत तशी वाढ दिसली नाही. मोठ्या संख्येनं गुरं असलेल्या शहरी भागांत परिणाम सर्वांत तीव्र होता. रेबीजच्या लशींची विक्री वाढली आणि पाण्यातले मैलाजन्य जंतू वाढले, हेही त्यांनी दाखवलं. २००० ते २००५ या काळात दर वर्षी सुमारे एक लाख, म्हणजे पाच वर्षांत पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पैशात मांडलं तर वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलरचं नुकसान.

हा अंदाज आहे, प्रत्येक मृत्यूचा दाखला नव्हे. अमुक माणूस गिधाड नसल्यामुळे मेला, असं कुणीही सिद्ध करू शकणार नाही, आणि लेखकांचाही तसा दावा नाही. पण अंदाज निम्म्यानं चुकला, असं क्षणभर धरलं, तरी अडीच लाख माणसं होतात. कुठल्याही साथीत एवढे मृत्यू झाले असते तर संसदेत चर्चा झाली असती, आयोग नेमला गेला असता. पक्षी मेल्यानं माणसं मरतात, हा संबंध पुरता दिसायला तीस वर्षं लागली, कारण मृत्यूच्या दाखल्यावर गिधाडाचं नाव लिहायला रकाना नसतो.

मुंबईत गिधाडं गेल्याचा फटका लवकर लक्षात आला होता. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत सतराव्या शतकापासून पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांनी खावेत म्हणून दोखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, ठेवत आला. गिधाडं नाहीशी झाल्यावर तो विधी अडचणीत आला, सौर परावर्तक बसवावे लागले, समाजात मोठे वाद झाले. एका धर्माचा शतकानुशतकांचा अंत्यविधी एका वेदनाशामकानं मोडला. कुणाच्याही मनात नसताना एवढं घडलं.

मग आज परिस्थिती काय आहे? २०१५ च्या पाहणीनुसार देशात पांढऱ्या पाठीची साधारण सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि सडपातळ चोचीची एक हजार गिधाडं उरली असावीत. घसरणीचा वेग मंदावला आहे, पण पूर्वीची संख्या परत येण्याची चिन्हं नाहीत. हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवतात. २०२४ मध्ये तिथे वाढलेली गिधाडं महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा इथे आणून, अंगावर मागोवा घेणारी यंत्रं बसवून, सोडण्यात आली.

महाराष्ट्रातलं काम पिंजोरची गिधाडं येण्याच्या आधीपासून चालू आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव हे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या विणीचं ठिकाण. महाडची सिस्केप ही संस्था प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानं तिथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं घरटी राखते आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्यात आणि गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांना सुरक्षित ढोरं मिळावीत म्हणून जागा राखून ठेवल्या. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांना २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे तिथली लांब चोचीची गिधाडं हे एक कारण होतं. याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला लोक जटायूचं स्थान म्हणून दर्शनाला जातात. जटायूच्या नावानं हात जोडणाऱ्या समाजाला त्याच्या वंशाला मारणारी औषधं थांबवायला वीस वर्षंही पुरली नाहीत, हा टोमणा मी फक्त आपल्यालाच मारतोय, देवळाला नव्हे.

शेवटी या सगळ्यातून माझा निष्कर्ष काय, ते सरळ सांगतो. एका औषधामागून दुसऱ्या औषधावर उशिरा बंदी घालण्याची ही साखळी संशोधकांनी नाही, परवाना देणाऱ्यांनी तोडायला हवी. गुरांसाठी नवं वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी ते गिधाडांना सुरक्षित आहे का, हे तपासून मगच परवाना द्यावा, आणि तपासणीचा खर्च विकणाऱ्यानं करावा. आज पक्षी मेल्यावर संशोधकानं सिद्ध करायचं आणि सरकारनं ठरवायचं, असा उलटा क्रम आहे. मेलोक्सिकॅम आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहभागानं तपासलेलं टोल्फेनॅमिक ॲसिड अशी दोन सुरक्षित औषधं हाताशी असताना शेतकऱ्याचं जनावर वेदनेत राहील, ही भीतीही आता उरलेली नाही.

आणि सरकारची वाट न पाहता आपल्याला आज करता येईल असंही काही आहे. गावातल्या दूध संघांनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी वेदनाशामकाची मागणी करताना नाव घालून मेलोक्सिकॅमच मागावं. आपल्या गोठ्यात सुई टोचली जाते, तेव्हा कुपीवरचं नाव वाचा. औषध दुकानदारांनी माणसांच्या कुप्या गुरांसाठी देऊ नयेत. आणि दुखणं थांबवायची सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा खणून पुरा. तुम्ही आज घरी गेल्यावर आपापल्या गावच्या गुरांच्या डॉक्टरला फोन करून एवढंच विचारा, की तो कोणतं इंजेक्शन वापरतो. उत्तर ‘मेलोक्सिकॅम’ किंवा ‘टोल्फेनॅमिक ॲसिड’ आलं नाही, तर त्याला आज ऐकलेलं सगळं सांगा.